काटूची भूक कपाटाखाली

डोंगर होता. डोंगरावर धुकं होतं. धुक्यात एक घर होतं. घरात एक काचेची पेटी होती. पेटीत काटू होता.

काटू कोण? काटू म्हणजे दाढीवाला सरडा. पण पिल्लू हं! तळहातावर मावेल एवढा. अंगभर काटे. मऊ मऊ काटे. हनुवटीखाली दाढी. दाढीसुद्धा काट्यांची.

काटूची भूक अगदी छोटी. खसखशीच्या दाण्याएवढी. एक पान खाल्लं, पुरे. एक अळी खाल्ली, पोट टम्म.

पेटीत एक दिवा होता. उबेचा दिवा. काटू दिव्याखाली बसायचा. पोट गरम व्हायचं. मग भूक लागायची.

एके दिवशी तारेवर झाड पडलं. धाड्! वीज गेली. दिवा गेला. पंखा गप्प झाला. फ्रीज गप्प झाला. सगळं घर गप्प झालं. दुपार होती. पण दुपार दुपारसारखी दिसेना. खिडकीबाहेर सगळं पांढरं. पांढऱ्याच्या मागे आणखी पांढरं.

निमी आली. निमी सात वर्षांची. काटू तिचा. तिने बरणीचं झाकण घेतलं. झाकणात जेवण मांडलं. शेवग्याचं पान. लाल भोपळ्याचा कीस. एक गुबगुबीत अळी.

"काटू, जेव रे."

काटूने पान पाहिलं. कीस पाहिला. अळी पाहिली. पण पोटातून हाक येईना. काटूने कान देऊन ऐकलं. पोटात कोणी नव्हतं.

भूक हरवली होती!

"आई, काटू खात नाही गं," निमी म्हणाली.

आई दारात आली. "गारठलाय तो. दिवा नाही ना."

"दिवा कधी लागेल?"

"उद्या लागेल म्हणतात."

"उद्या? आई, मामा काय सांगायचा? गारव्याचं?"

मामा म्हणजे आईचा भाऊ. त्यानेच काटूला घरी आणलं होतं. मामा आता नाही.

आई म्हणाली, "मामा सांगायचा, गारवा नखांतून शिरतो. हळूहळू वर चढतो. डोळ्यांपर्यंत पोचला, की सरडा झोपतो. लांब झोप. जेवून झोपला तर उठतो."

"आणि उपाशी झोपला तर?"

आईने पदराने झाकणाची कड पुसली. आत गेली.

निमी पण गेली. बाहेर पायरीवर जाऊन बसली. पेटीचं दार उघडंच राहिलं.

काटूने नखं हलवली. नखं गार होती.

"अरे बापरे," काटू म्हणाला. "भूक शोधायला हवी. गारवा डोळ्यांत यायच्या आत शोधायला हवी."

काटू निघाला.
तुरुक तुरुक, सर्रर्र. तुरुक तुरुक, सर्रर्र.
तुरुक तुरुक पाय. सर्रर्र शेपटी.

खोलीत एक मोठं कपाट होतं. कपाटाखाली काळोख होता. काळोखात कोणीतरी खुसखुसलं.

खुस् खुस्. खुस् खुस्.

काटूने एक हात वर केला. हवेत फिरवला. गोऽऽल गोऽऽल. दाढीवाल्या सरड्यांचा हा नमस्कार.

"कोण आहे?"

"मी," काळोख म्हणाला. काळोख नव्हे. काळोखातली भूक म्हणाली.

"भूकबाई भूकबाई, परत ये."

"नाही येत."

"का नाही येत?"

"तुझ्या पोटाला ऊब नाही. तशा पोटात मी राहत नाही. मला तिथे भीती वाटते. आधी पोटाला ऊब मिळू दे, मग मी येईन."

आणि काळोखात दोन इवले डोळे मिटले.

काटू निघाला.
तुरुक तुरुक, सर्रर्र. तुरुक तुरुक, सर्रर्र.
आणि गारवा? गारवाही निघाला. नखांतून पायांत आला.

मधल्या खोलीत एक पाटा होता. काळा. जुना. जमिनीला टेकलेला. पूर्वी त्यावर चटणी वाटायचे. आता कोणी वाटत नाही. पाटा नुसता पडून असतो. एकटाच पुटपुटत असतो.

काटूने एक हात वर केला. हवेत फिरवला. गोऽऽल गोऽऽल.

"पाटेआजोबा पाटेआजोबा, माझ्या पोटाला ऊब दे."

"कोण रे तू? एवढंसं पोर आणि दाढी केवढी! माझ्याहून म्हातारा दिसतोस."

"मी काटू."

"आणि ऊब कशाला हवी?"

काटू म्हणाला,

"पोटाला ऊब मिळेना,
भूक येईना,
काटूला घास जाईना!"

"हंऽऽ," पाटा म्हणाला. त्याचा आवाज जमिनीखालून आला. "मिक्सर आला आणि मला सगळे विसरले. आता कोणाला तरी आठवण झाली. पण पोरा, हात लावून बघ. मी किती गार! आधी माझ्यावर ऊन पडू दे, मग मी तापेन."

काटूने हात लावून पाहिलं. पाटा विहिरीसारखा गार होता.

काटूने मान वर केली. खूप वर केली. छपराला एक काचेचं कौल होतं. रोज त्यातून ऊन खाली यायचं. थेट पाट्यावर. आज ऊन कौलाच्या पलीकडे अडकलं होतं. फिकट दिसत होतं. पेजेसारखं.

वर चढायला हवं. भिंतीला एक दोरी होती. काटू दोरीवरून निघाला.
तुरुक तुरुक, सर्रर्र. तुरुक तुरुक, सर्रर्र.
आणि गारवा? गारवाही निघाला. पायांतून शेपटीत आला.

काटूने एक हात वर केला. हवेत फिरवला. गोऽऽल गोऽऽल. पडता पडता वाचला.

"ऊनताई ऊनताई, पाट्यावर पड."

"कोण बोलतंय? मला काही दिसत नाही," ऊन म्हणालं. आवाज दुरून आला. खूप दुरून.

"मी काटू."

"मी कशाला पडू?"

काटू म्हणाला,

"पाटा तापेना,
पोटाला ऊब मिळेना,
भूक येईना,
काटूला घास जाईना!"

"अरेरे," ऊन म्हणालं. "मला यायचंय रे. सकाळपासून वाट शोधतेय. पण मध्ये धुकं बसलंय. हलत नाही, बोलत नाही. नुसतं बघतं. आधी धुकं हटू दे, मग मी पडेन."

काटू दोरीवरून खाली आला.
तुरुक तुरुक, सर्रर्र. तुरुक तुरुक, सर्रर्र.
आणि गारवा? गारवाही आला. शेपटीतून पोटात आला.

दार उघडं होतं. उंबऱ्यावर धुकं बसलं होतं. एक पाय बाहेर. एक पाय आत. पण पाय कुठे होते? पाय नव्हते. तोंडही नव्हतं. तरी ते हसलं.

हुऽऽऽ. हुऽऽऽ.

काटूने एक हात वर केला. हवेत फिरवला. गोऽऽल... गोऽऽल. हात जड झाला होता.

"धुकेमावशी धुकेमावशी, बाजूला हट."

"ये हो बाळा," धुकं म्हणालं. आवाज मऊ. कापसाहून मऊ. "दमलास ना? कशाला हटू मी?"

काटू म्हणाला,

"ऊन पडेना,
पाटा तापेना,
पोटाला ऊब मिळेना,
भूक येईना,
काटूला घास जाईना!"

"भूक नाही ना? मग बरं झालं," धुकं म्हणालं. "माझ्या कुशीत नीज. इथे भूक लागत नाही. इथे कोणालाच भूक लागत नाही."

"इथे म्हणजे? आत कोण आहे?"

"बघ ना."

काटूने पाहिलं. धुक्यात दूर कोणीतरी उभं होतं. उंच. पाठमोरं. हलत नव्हतं. ओळखीचं वाटत होतं.

काटूला वाटलं, जावं. एक पाऊल पुढे टाकावं. तुरुक.

पण मग त्याला पायरी दिसली. पायरीवर निमी दिसली. निमीची पाठ दिसली. निमीची वेणी दिसली. वेणी सुटली होती. कोणी बांधली नव्हती.

काटूने पाऊल मागे घेतलं.

"नको मावशी. मला घास खायचाय. तू हट."

धुकं म्हणालं, "मी आपणहून हटत नाही. कधीच नाही. आधी वारा उठू दे, मग मी हटेन. पण वारा उठायचा नाही. तो तिकडे झोपलाय बघ. कोटात."

काटू निघाला.
तुरुक... तुरुक... सर्रर्र. तुरुक... तुरुक... सर्रर्र.
आणि गारवा? गारवाही निघाला. पोटातून छातीत आला.

पडवीत खुंटी होती. खुंटीवर कोट होता. मामाचा कोट. कोटाला खांदे होते. कोटाला हात होते. कोटात मामा नव्हता.

पण कोटाची बाही फुगायची. बसायची. फुगायची. बसायची.

फूऽऽ... फुस्. फूऽऽ... फुस्.

काटूला भीती वाटली. दाढी काळी झाली. भीती वाटली की त्याची दाढी काळी होते. तरी काटूने एक हात वर केला. हवेत फिरवला. गोऽऽल... गोऽऽल.

"वारेबुवा वारेबुवा, उठा."

बाही फुगली. बाहीतून आवाज आला.

"कोण उठवतंय? तो आला का?"

"नाही. मी काटू."

"हं." बाही बसली. "मग मी कशाला उठू?"

काटू म्हणाला,

"धुकं हटेना,
ऊन पडेना,
पाटा तापेना,
पोटाला ऊब मिळेना,
भूक येईना,
काटूला घास जाईना!"

"लांबलचक आहे तुझं गाऱ्हाणं," वारा म्हणाला. "मी सांगतो ते ऐक. रोज दुपारी मामा पायरीवर उभा राहायचा. शीळ घालायचा. ती शीळ ऐकून मी डोंगरामागून धावत यायचो. एकदा शीळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली नाही. म्हटलं, इथेच थांबावं. कोटात ऊब होती. मग तीही गेली. मी झोपलो."

"आता उठा ना."

"असा नाही उठत. आधी ती शीळ वाजू दे, मग मी उठेन."

"मला शीळ येत नाही हो, वारेबुवा. मला ओठच नाहीत धड."

"तुला कोण सांगतंय? निमीला येते. मामाने तिला शिकवलीय."

काटू निघाला.
तुरुक... सर्रर्र. तुरुक... सर्रर्र.
आणि गारवा? गारवाही निघाला. छातीतून मानेत आला.

निमी पायरीवर बसली होती. तिच्या शेजारी ताटली होती. ताटलीत वरणभात होता. भात थंड झाला होता. वरणावर साय धरली होती. तिच्या मांडीवर शेवग्याची डहाळी होती. ती पानं खुडत होती. काटूसाठी. एक, एक, एक.

काटूने एक हात वर केला. हवेत फिरवणार होता. हात अर्ध्यातच खाली आला.

"निमीताई निमीताई, शीळ घाल."

"काटू!" निमी म्हणाली. "तू बाहेर कसा आलास? केवढा गार झालास!" तिने त्याला तळहातावर घेतलं. तिचे हातही गारच होते. "शीळ कशाला रे?"

काटू म्हणाला. हळूहळू म्हणाला.

"वारा उठेना,
धुकं हटेना,
ऊन पडेना,
पाटा तापेना,
पोटाला ऊब मिळेना,
भूक येईना,
काटूला घास जाईना!"

निमीने ओठ गोल केले. फुंकर घातली.

फुस्स.

पुन्हा घातली.

फुस्स.

"नाही येत," निमी म्हणाली. "माझ्या घशात गोळा आलाय. केवढा तरी मोठा. आणि तोंड कोरडं पडलंय. कोरड्या तोंडाने शीळ वाजत नाही."

"मग घास खा, निमीताई. गोळा खाली जाईल."

"मी कशी खाऊ? तू कुठे जेवलास? आमच्या घरात लहानांनी जेवल्याशिवाय मोठे जेवत नाहीत. मी मोठी आहे. तू लहान आहेस. आधी तू घास खा, मग मी खाईन."

आतून आई म्हणाली, "निमे, जेवलीस का गं?"

"काटू जेवला की."

"आणि काटू कधी जेवणार?"

"त्याला भूक लागली की."

"शाब्बास! एकादशी शेजाऱ्यांची आणि उपास आमच्या घरी!" आई म्हणाली. पण हसली नाही.

काटूने निमीकडे पाहिलं. निमीने काटूकडे पाहिलं. मग दोघं मिळून म्हणाली,

"काटूला घास जाईना,
म्हणून निमीला घास जाईना.
निमीला घास जाईना,
म्हणून शीळ वाजेना,
वारा उठेना,
धुकं हटेना,
ऊन पडेना,
पाटा तापेना,
पोटाला ऊब मिळेना,
भूक येईना,
काटूला घास जाईना.
काटूला घास जाईना,
म्हणून निमीला घास जाईना..."

थांबायचं कुठे? कुठेच नाही! गाऱ्हाणं गोल फिरलं. पुन्हा गोल फिरलं. त्याला दारच नव्हतं.

उंबऱ्यावर धुकं हसलं. हुऽऽऽ. एक पायरी खाली आलं. निमीच्या वेणीत शिरलं. निमीच्या कानाशी आलं. काटूच्या कानाशी आलं.

"नीज," धुकं म्हणालं. "नीज आता."

आणि गारवा? गारवा मानेतून वर आला. हनुवटीशी आला. गालाशी आला. काटूचा एक डोळा मिटला.

"काटू?" निमी म्हणाली. "काटू, झोपू नको ना. काटू!"

तिने एक पान उचललं. शेवग्याचं पान. टिकलीएवढं. मग ती रोजचंच बोलली. रोज भरवताना बोलायची तेच.

"हा घास चिऊचा. हा घास काऊचा. खा रे. खा ना."

काटूने ऐकलं. एका डोळ्याने पानाकडे पाहिलं.

काटूने विचार केला. विचारसुद्धा गार झाला होता. हळूहळू आला.

माझ्या घासाला माझी भूक लागते. माझी भूक तर कपाटाखाली. पण चिऊच्या घासाला? चिऊच्या घासाला माझी भूक कशाला हवी? तो चिऊसाठी खायचा. काऊच्या घासाला माझी भूक कशाला हवी? तो काऊसाठी खायचा.

काटू म्हणाला, "चिऊचा नको. काऊचा नको."

"मग कोणाचा?"

"हा घास निमीताईचा."

आणि काटूने तोंड उघडलं.

पान कोरडं लागलं. पान गार लागलं. पानाला चवच नव्हती. घशाखाली उतरेना. काटूने मान ताठ केली. डोळा उघडा ठेवला. गिळलं.

गटक्.

निमी बघतच राहिली. "खाल्लंस? भूक नसताना?"

"तुझा होता ना. आता तू खा."

लहान जेवला होता. आता मोठ्यांनी जेवायला हवं. निमीने ताटली ओढली. थंड भाताचा घास केला. छोटासा. तोंडात घातला. चावला. खूप वेळ चावला. गोळा हलेना. निमीच्या डोळ्यांतून पाणी आलं. गालावरून आलं. ओठांवर आलं. घास खारट झाला.

गटक्.

घास गेला. गोळाही गेला. ओठ ओले झाले.

निमी उभी राहिली. मामा उभा राहायचा तिथेच. तिने ओठ गोल केले.

फुस्स.

पुन्हा केले.

फुस्स... सुई...

पुन्हा केले.

सुईऽऽऽऽ ट्युई! सुईऽऽऽऽ ट्युई!

शीळ वाजली!

आत आईच्या हातातून वाटी पडली. ठण्ण!

कोटाची बाही फुगली. दुसरी बाही फुगली. कोटाने दोन्ही हात पसरले. आणि बाहीतून वारा उठला!

भिर्रर्र! कोट खुंटीवर रिकामा झाला. नुसता कोट झाला.

"कोण वाजवतंय?" वारा म्हणाला. "अगं, तू होय! मामासारखीच वाजवतेस की. जरा खरखर आहे, चालेल."

आणि वारा धुक्यावर धावून गेला.

"चल ऊठ! दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसतेस? मांजर आहेस का?"

"जाते रे बाबा," धुकं म्हणालं. "ढकलतोस काय!"

भिर्रर्र! धुकं फाटलं. धुकं उडालं. धुकं हटलं!

दूर कोणी उभं होतं ना? उंच? पाठमोरं? निमीने पाहिलं. काटूने पाहिलं. तिथे फणसाचं झाड होतं. नुसतं झाड. पानांतून पाणी टपटपत होतं.

मग काचेच्या कौलातून ऊन आलं. आधी बोटभर. मग हातभर. मग भसकन सगळं. पाट्यावर ऊन पडलं!

"आहाहा," पाटा म्हणाला. "अगं ऊनताई, जरा डावीकडे. तिथे जुनी सर्दी आहे. हां! तिथेच."

निमी काटूला घेऊन धावली. पाट्याशेजारी बसली. वाट पाहिली. दोघांनी वाट पाहिली. काळा दगड हळूहळू तापतो. तो घाई करत नाही. काटूचा दुसरा डोळा मिटायला आला.

"आजोबा, लवकर!" निमी म्हणाली.

"झालं. ठेव आता."

पाटा तापला!

निमीने काटूला पाट्यावर ठेवलं. पोट खाली. शेपटी सरळ. काटूने अंग चपटं केलं. भाकरीसारखं चपटं.

आणि गारवा? गारवा डोळ्यांशी आला होता. तिथून मागे फिरला. मानेत गेला. छातीत गेला. पोटात गेला. शेपटीत गेला. पायांत गेला. नखांत गेला. नखांतून बाहेर पडला. कुठे गेला, कोणी पाहिलं नाही.

पोटाला ऊब मिळाली!

मग काय झालं? मधली खोली शांत झाली. आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

खुस् खुस्. खुस् खुस्.

कपाटाखालून काहीतरी निघालं. काळं. इवलंसं. भिंतीच्या कडेकडेने आलं. थांबलं. पुन्हा आलं. निमीने श्वास रोखला. ते पाट्यापाशी आलं. काटूच्या पोटाशी आलं.

"गरम आहे?" भूक म्हणाली.

"हात लावून बघ," काटू म्हणाला.

भुकेने हात लावला.

"आहे. गरम आहे. पण पुन्हा गार झालं तर?"

"झालं तर जा कपाटाखाली. मी परत शोधायला येईन."

"नक्की?"

"नक्की."

भूक आत शिरली. टुणकन!

भूक आली!

"गुर्रर्र," काटूचं पोट म्हणालं. अगदी हळू. मुंगी घोरावी तसं.

निमीने बरणीचं झाकण आणलं. काटूने पान खाल्लं. आता पान हिरवं लागलं. काटूने कीस खाल्ला. आता कीस गोड लागला. काटूने अळी पाहिली. अळीने काटूला पाहिलं. चट्! अळी गेली.

"हा घास कोणाचा?" निमीने विचारलं.

"हा माझा!" काटू म्हणाला.

आणि काटूला घास गेला!

निमी म्हणाली,

"शीळ वाजली,
वारा उठला,
धुकं हटलं,
ऊन पडलं,
पाटा तापला,
पोटाला ऊब मिळाली,
भूक आली,
काटूला घास गेला!"

मग निमीने आपली ताटली आणली. उन्हात बसली. सगळा भात संपवला. ताटलीवर बोट फिरवलं. बोटही चाटलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

"आई, काटू जेवला," निमी म्हणाली.

"पाहिलं मी."

"मी पण जेवले."

"ते पण पाहिलं."

निमी उठली. स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर आईचं ताट होतं. ताट पालथं होतं. सकाळपासून पालथंच होतं. या घरात लहानांनी जेवल्याशिवाय मोठे जेवत नाहीत.

निमीने ताट सुलटं केलं. त्यात भात वाढला. वरण वाढलं. थोडं सांडलं. ताट दोन्ही हातांनी धरून ती उन्हात आली.

"बस," ती आईला म्हणाली.

आई बसली.

निमीने घास केला. आईच्या तोंडाशी नेला.

"मला भूक नाही गं," आई म्हणाली.

"माहीत आहे," निमी म्हणाली. "हा घास मामाचा."

पाट्यावर काटूने मान वर केली. निमी थांबली. ऊनही कौलात थांबलं.

आईने तोंड उघडलं.

गटक्.

सात नकारांची गोष्ट, एका घासाने सुटली. ज्याचा घास त्याला मिळाला.